देवाला सोडलेला हरभरा

आई, आज नातीनं मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर तू एकदा देऊन ठेवलं होतंस, म्हणून लिहायला बसले. तिचं पोट माझ्यासारखंच निघालं आहे; कळा, फुगारा, कधी जुलाब, कधी काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, आतडं धड आहे, फक्त हळवं आहे. एकेक पदार्थ बंद करून बघा, कशानं बिघडतं ते शोधा. ते ती करेल. पण लवकरच तिचं लग्न आहे. "आजी, सासरी पानात वाढलेलं नको कसं म्हणू?"

माझ्या लहानपणी निजामाच्या राज्यात पुढं शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे, आणि दादा बापाच्या काळजीनं म्हणत, "असलं पोट घेऊन परमुलखात कशी ऱ्हाईल ती?" हकिमाची चूर्णं घेऊन झाली. तू मात्र माझ्या ताटावर नजर ठेवलीस. आधी मिरची बंद केलीस, फरक पडला नाही. दूध बंद केलंस, थोडा पडला. मग हरभरा बंद केलास, पिठलं, भजी, पुरण, सगळंच, आणि माझं परसाकडे धावणं थांबलं. अजून डोळ्यांपुढं आहे, सेलूच्या आपल्या स्वयंपाकघरात मी ताकातल्या ज्वारीच्या कण्या खाते आहे आणि तू चुलीपुढून माझ्याकडे बघते आहेस.

"दुखायलंय का?"

"न्हाई."

"खरं सांग."

"न्हाई म्हणलं ना!"

मग झरीला मावशीकडं देवकार्य निघालं. पुरण नको म्हणावं तर घरच्यांचा अपमान, कारण सांगावं तर पोरगी आजारी म्हणून गावभर बोभाटा. मी खाल्लं. परतताना बैलगाडीत तुझ्या मांडीवर डोकं ठेवून कळवळत होते. दादा मागं न बघता म्हणाले, "आता हैदराबादचं नाव काढू नका." तू पुढच्या सोमवारी मला औंढ्याला घेऊन गेलीस, नागनाथापुढं माझ्या ओंजळीत हरभरे ठेवलेस आणि म्हणालीस, "म्हण, आजपासून सोडला." देवाला सोडलेल्या जिनसाचा आग्रह आपल्याकडं कुणी करत नाही. पुढच्या पंगतीत मावशी म्हणाली, "एवढीशी पोर आन् लय देवभोळी! हिच्या लग्नात काय कण्या वाढायच्या?" "वाढ की," तू म्हणालीस. बायका हसल्या, आणि माझ्या पानात पुरण पडलं नाही. दादांनी ते पाहिलं. त्या वर्षी मी हैदराबादला गेले.

जाण्याआधीच्या होळीला तू सगळ्यांना पोळ्या वाढल्यास आणि कण्या घेऊन माझ्याशेजारी बसलीस. पुरण म्हणजे तुझा जीव की प्राण.

"तू का खाईनास?"

"देवाफुडं खोटं कसं बोलावं? तू पोटापायी सोडलास, देवापायी मी सोडला. खा गुमान."

शेवटपर्यंत तू हरभरा तोंडात घातला नाहीस.

नातीला मी देवापुढं नेलं नाही. तिच्या होणाऱ्या सासूला स्वतः फोन केला. पोरीचं पोट हळवं आहे, सोसत नाहीत ते पदार्थ ती खाणार नाही, आग्रह करू नका. मी कडकच बोलते, तुला ठाऊक आहे. पलीकडून उत्तर आलं, "अवो, आमच्या ह्यांचंबी तसंच हाय की!" नात हसून हसून रडली.

डॉक्टर मला म्हणाले, आता मूठभर हरभरा तुम्हाला सोसेल. मी खात नाही. तो आता पोटापायी सोडलेला नाही, आई. हे कुणाला सांगितलेलं नाही, आणि हे पत्रही माझ्याच कपाटात राहील.

आज नातीला दिलं: भरडलेल्या कण्या, मुगाची डाळ, भाजलेलं जिरं, आणि तुझी ताकाची रवी, नवी दोरी घालून.