झाडांची शास्त्रोक्त निगा

१ एप्रिल १९४६, सोमवार. कर्जत.
आजपासून पेन्शनर. जंगल खात्याच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं कारकुनी झाली. तालुक्यातली किती झाडं माझ्या हाताखालून गेली, गणती नाही. कागदावर गेली, पण गेली. हे ज्ञान घरात कुजवणं बरं नव्हे. इकडे लोकांच्या घरांवर मोठमोठी झाडं झुकलेली, उन्हाळ्यात जमीन भेगाळते, मग वळवाचा वारा सुटतो नि कौलं फुटतात. झाडं बघणारा तज्ज्ञ एकही नाही. उद्यापासून मी ट्री एक्स्पर्ट.

२ एप्रिल
पाटी रंगवून घेतली : 'झाडांची शास्त्रोक्त निगा'. सौ.नं विचारलं, आपल्या परसात कसलं झाड आहे. जांभूळ म्हणालो. करंज निघाला. ऑफिसात झाडांना नंबर असत, नावं नसत. हे तिला सांगून उपयोग नव्हता.

९ एप्रिल
असिस्टंट नेमला. पोशा, कशेळ्याच्या वरच्या वाडीतला ठाकर. वय माझ्याएवढंच, पण झाडावर सरसर चढतो. शिक्षण शून्य, घडवावा लागेल. मला 'भाऊसाहेब' म्हणतो. कारकुनाला म्हणतात तसं. नुसतं 'साहेब' म्हण, असं दोनदा सांगितलं.

१७ एप्रिल. खोपोलीहून परत.
पहिली केस. इंदूबाई, मुलींच्या शाळेत शिकवतात. यजमान वारले. घरात त्या नि सासू अंबाबाई. घराला लागून जुना रायवळ आंबा, त्याची एक दांडगी फांदी थेट पडवीवर. त्याच पडवीत म्हातारी रोज दुपारी बाजेवर झोपते. तिला दिसतं बेताचंच.
छत्रीच्या मुठीनं खोड वाजवलं. नाद उत्तम. शिडी चढलो, तिसऱ्या पायरीवरूनच सगळं स्पष्ट दिसलं. पोशा शेंड्यापर्यंत जाऊन आला नि म्हणाला, "फांदी आतनं पोकळ हाय. वाऱ्याच्या आदी उतरवाया पायजे."
आधी तपासणी, मग रिपोर्ट, मग हुकूम, अशी पद्धत त्याला समजावली. "वारा थांबंल का तवर?" म्हणाला. असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

२४ एप्रिल
रिपोर्टचा मसुदा तयार. नऊ पानं. फांदीचा उल्लेख सातव्या पानावर. समास सुरेख पडलाय.

२९ एप्रिल
इंदूबाईंना रिपोर्ट वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर त्यांनी थांबवलं. "फांदी पडेल की नाही, तेवढं सांगा." शास्त्र असं एका शब्दात बोलत नाही. तरी उपाय सुचवला : फांदीला जाड तार बांधायची नि तारेचं दुसरं टोक पडवीच्या खांबाला. पोशा म्हणाला, "पडली तर खांबालाबी घेऊन जाईल." हुकूम दिला तेव्हा बांधली. इंदूबाईंना 'धोका नाही' असा दाखला लिहून दिला, तारीख-सहीनिशी.

५ मे
सौ. म्हणाली, धोका नाही तर एक दुपार तुम्हीच त्या पडवीत झोपून या. गेलो असतो. गुडघा दुखतोय.

११ मे, शनिवार. संध्याकाळी ५.
साडेतीनला वावटळ. मग असा वारा की स्टेशनाकडचे पत्रे उडाले. आमची चार कौलं गेली. खोपोलीला इतका नसेल. तिकडे घाटाचा आडोसा आहे. शिवाय तार जाड आहे. चांगली जाड आहे.

१२ मे
पहिल्या गाडीनं गेलो. फांदी पडलेली. तिनं तारेसकट खांब ओढला नि अख्खी पडवी खाली बसली. कौलांच्या ढिगातून बाजेच्या जागी काही दिसतंय का, ते बघायचं धैर्य होईना. इंदूबाई समोर उभ्या. मला विचारवेना.
तेवढ्यात मागच्या अंगणातून अंबाबाईंचं खोकणं ऐकू आलं. तिथंच खाली बसलो. गुडघा.
नंतर कळलं : शुक्रवारी पोशा आपणहून येऊन गेला. फांदीवर आग्यामोहोळ बसलंय, असं म्हातारीला सांगितलं नि बाज उचलून मागच्या अंगणात नेली. मोहोळबिहोळ काही नव्हतं.
असिस्टंटनं पुढाकार घेतला. माझ्या शिकवणुकीचं फळ. इंदूबाईंना हे सांगायला तोंड उघडलं. त्यांनी माझा दाखला काढून हातात दिला नि पोशाच्या वाडीची वाट विचारली.

१५ मे. खोपोली.
बोलावलं नव्हतं. गेलो. पोशा झाडावर होता, घरावर झुकलेल्या आणखी दोन फांद्या उतरवत. खाली दोर धरायला माणूस हवा होता. मी पुढं झालो. त्यानं वरून बघितलं. "घट धरा. सोडा म्हनलं का सोडा. आदी नाय."
तसंच केलं. फांदी हळूहळू, कौलाला न लागता खाली आली. तळहात सोलपटले. ग्राउंड सुपरव्हिजन हे काम वाटतं तितकं सोपं नाही.
शेजारचे मालोजी कुंपणापाशी येऊन उभे राहिले. अंबाबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. त्यांना मालोजींनी विचारलं, कोटातला हा कोण आणलाय.
"तो व्हय," म्हातारी म्हणाली, "तो पोशाचा गडी."
चूक दुरुस्त करणार होतो. पण दुसरी फांदी सुटत होती नि दोन्ही हात दोराला होते.