सगळ्यात सुबक जोड

इंदूर, ९ जानेवारी

चि. शाम यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलले तर हे ऐकतात, म्हणून पत्र. निवृत्त झाल्यापासून तुझ्या भाऊजींच्या अंगात कला संचारली आहे. बैठकीत माशांची भलीमोठी टाकी आली आणि तिचे पीव्हीसी पाइप, लोक मागे लपवतात ते, ह्यांनी समोरून फिरवले. म्हणे पाण्याचा प्रवास दिसायला हवा. दिसतात ते पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचे ओघळ, प्रत्येक जोडाखाली, वर बोटांचे ठसे. सराफ्यातल्या रबडीवाल्याची कढईसुद्धा बाहेरून याहून स्वच्छ असते.

विहीणबाई आल्या होत्या, त्यांच्यासमोर मी एवढंच म्हटलं की आमच्या पाइपांना सर्दी झाली आहे. झालं! तेव्हापासून अबोला. चहा हवा असला तर हे माशांना सांगतात आणि मी ऐकायचं. सुरुवातीला मजा वाटली. आता घास उतरत नाही रे.

खरं सांगू, खाली उजवीकडचा एक एल्बो, म्हणजे कोपऱ्यावरचा वाकडा जोड, मात्र फार सुबक जमलाय, एक थेंब बाहेर नाही. बाकीचे तसे कसे करायचे ते त्यांना लिही. मी सुचवलं म्हणू नकोस.

माशांमार्फत संसार करणारी,
तुझी ताई

सिमरोल, १३ जानेवारी

ती. सौ. ताईस शामचा शि. सा. न. वि. वि.

विहीणबाईंसमोर! चेष्टेला जागा बाकी छान निवडलीस.

काम अवघड नाही. आधी सगळं कोरडं बसवून पाहायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या. जोडाच्या तोंडाशी मास्किंग टेप लावायचा. सोल्यूशन पातळ लावून पाइप पाव फेरा फिरवत आत दाबायचा, घट्ट धरून ठेवायचा आणि ओलं असतानाच टेप काढायचा. एकदा चिकटलेला जोड मग सुटत नाही, कापावाच लागतो.

पण हे मी भाऊजींना लिहिणार नाही. त्यांना तो आणखी एक टोमणा वाटेल. एक एल्बो आवडलाय ना? मग तसं त्यांना तोंडावर सांग. खोटं कौतुक करूनही माणूस मरत नाही, मी इतकी वर्षं तुझ्या शंकरपाळ्यांचं करतोच आहे. हे तर खरं आहे.

दातांसकट तुझाच,
शाम

इंदूर, १८ जानेवारी

चि. शाम यास आशीर्वाद, शंकरपाळे यापुढे बंद. वि. वि.

तुझ्या सल्ल्याचा विजय असो. संक्रांतीची उरलेली तिळवडी ह्यांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, तो खालचा एल्बो तुम्ही फार छान चिकटवलाय. काय चेहरा खुलला म्हणून सांगू! लगेच खाली बसले, मला दाखवायला म्हणून तो जरासा फिरवला, आणि एल्बो ह्यांच्या हातात. ओघळ येणार कुठून? कोरडा बसवून पाहिला होता, सोल्यूशन लावायचंच राहिलं होतं!

धार थेट गालिच्यावर. इतक्या दिवसांनी ह्यांनी तोंड उघडलं ते, सरला, बालटी आण, असं ओरडायला. मी घाबरून पाइपावर हात दाबला, माझ्या हातावर ह्यांनी दाबला. मग बालटी कोण आणणार? पाणी बोटांतून येत राहिलं आणि आम्ही दोघं चिंब होऊन हसत बसलो. मला रडूही आलं, पण ते त्या पाण्यात खपून गेलं. मासे सुखरूप आहेत, साबुदाण्याच्या पातेल्यात.

तुझी टेपची युक्ती सांगितली, तर आता हे म्हणतात, सगळं कापून टेप लावून नव्याने करतो. मी म्हटलं, खबरदार, तेवढा एकच चिकटवा. काल चिकटवला. चांगला बोटभर ओघळ आलाय. रविवारी विहीणबाई येणार आहेत, त्यांना तो मीच दाखवणार आहे.

लोभ आहेच, तो सुटायचा नाही.
तुझी ताई