दोन भावांच्या रेघा

४ फेब्रुवारी
दादाचा पीएसए ७.१! प्रोस्टेटसाठी रक्तात बघतात तो आकडा. चारच्या आत हवा म्हणे. वहिनीचा फोन — "भावजी, तुम्हीच समजवा. डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात." माझा ३.२. नॉर्मल. उगाच ओशाळल्यासारखं झालं.

५ फेब्रुवारी
दादा म्हणे, "सहा वर्षं हेच चाललंय. एकदा तुकडा काढून बघितला, काही निघालं नाही. पुन्हा सुया टोचून घ्यायला वेड लागलंय का मला!" जुने रिपोर्ट बिस्किटांच्या डब्यात. डबाच उचलून आणला.

८ फेब्रुवारी
बत्तीस वर्षं धरणावर पातळी मोजली. नुसत्या पातळीनं आम्ही घाबरत नव्हतो. पाणी किती वेगानं चढतंय ते बघायचो. मग रक्ताचंही तसंच नसेल? आलेखाचा कागद आणला. दादाचे आकडे — ६.८, ७.२, ६.९, ७.१. रेघ कशी, टेबलासारखी सपाट!

९ फेब्रुवारी
तुलनेला म्हणून माझेही टाकले, दरवर्षीच्या तपासणीतले. ०.९, १.०, १.५, २.१, ३.२. ही म्हणाली, "आता हे काय नवीन खूळ?" मजा येतेय खरी. माझी रेघ जरा चढती आहे, पण चारच्या खालीच. वयानं वाढतोच.

१३ फेब्रुवारी
दादाला ओढत नेलं एकदाचं. छाती फुगवून कागद पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी वरच्या रेघेवर बोट फिरवलं. "यांची ग्रंथी मोठी, म्हणून आकडा मोठा. पण तो हललेला नाही. वर्षाला एकदा तपासत राहू, बस." दादानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मॅच जिंकली!

बाईंचं बोट खाली सरकलं. "आणि ही कोणाची?"

"माझी. नॉर्मल आहे ना?"

"आकडा आहे. वेग नाही. दोन वर्षांत दुपटीच्या वर." मग म्हणाल्या, साध्या सुजेनंही असं होतं, आधी पुन्हा रक्त बघू.

२१ फेब्रुवारी
३.७. सूज नाही. एमआरआयमध्ये एक डाग.

४ मार्च
आज माझे तुकडे काढले. बाराच्या बारा सुया मोजल्या — जुनी सवय! त्या डागातून किती घेतले, कसे घेतले, सगळं विचारलं. बाई हसल्या. "पेशंट आहात की तपासनीस?" हिला मात्र हसू येत नाही.

११ मार्च
कॅन्सर. आक्रमक जातीचा. ग्रंथीबाहेर गेल्याचं दिसत नाही, एकवीसला ऑपरेशन. फॉर्मवर नातेवाईक म्हणून दादानं सही केली. पेन चालेना म्हणून चिडला, आणि मग सगळ्यांसमोर रडलाच.