काजळाची डबी आणि मॅनिफोल्ड

अंधेरी, ३ मार्च १९५४
ति. दादास चंदूचा शि. सा. न. वि. वि.
तुझा खोकला कसाय? मिरजेचे डॉक्टर काय म्हणतात ते लपवू नकोस. शेजारच्या रोझारिओसाहेबांच्या जुन्या गाडीचं इंजिन मी एकट्यानं बांधलं, झकास! वहिनीचे दिवस भरत आलेत. साहेब स्वतः तिला इस्पितळात सोडणार. मागच्या खेपेला घरीच बाळंतपण केलं आणि पोर हातचं गेलं, तसं आता होऊ देणार नाही. फक्त गाडी उभ्या जागी धापा टाकते. होईल ठीक.
माया असू दे.
चंदू

मिरज, ७ मार्च
चि. चंदूस अ. उ. आ.
धापा टाकते म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय, गाढवा! कार्ब्युरेटरकडून पेट्रोल-हवा आत नेणारा तो इनटेक मॅनिफोल्ड पॅकिंग न घालता, कोरडा बसवून पाहिलास का? त्याच्या तोंडाला काजळी फास, इंजिनावर दाब, काढ. डाग सगळीकडे उठला पाहिजे. बोल्ट आवळून वाकडं सरळ होत नाही रे. इस्पितळाच्या वाटेवर जोगेश्वरीला गाडी बंद पडली तर काय करशील? रागाव माझ्यावर, पण खोल.
दशरथचे आशीर्वाद

अंधेरी, १४ मार्च
ति. दादास शि. सा. न.
खरं सांगतो, कोरडा बसवलाच नव्हता. दोन पॅकिंगं घालून आवळला होता. तुझं पत्र आलं तसा खोलला. काजळी शोधत कुठं बसू, वहिनीनं बाळासाठी धरलेल्या काजळाची डबीच उचलली. दोन्ही टोकांना डाग, मधे कोरं! मॅनिफोल्ड घासून सपाट करायला घाटकोपरला दिला, आणि परवा आठ दिवस आधीच वहिनीला कळा सुरू झाल्या. गाडी उघडी पडलेली. बैलगाडीतून नेली रे तिला. मुलगी झालीय, पण नीट रडत नाही. खोललं नसतं तर वेळेत पोचलो असतो की रस्त्यात अडकलो असतो, काही कळत नाही. मला फार भीती वाटते.
तुझा चंदू

अंधेरी, २८ मार्च
तीर्थस्वरूप स्वारीच्या चरणी कमळचा शि. सा. न. वि. वि.
चंदूभाऊजींना आलेलं तुमचं कालचं पत्र मीच फोडलं. मॅनिफोल्ड किती घासला, फट बुजली का, बोल्ट कोणत्या क्रमानं आवळायचे, सगळं विचारलंत. दोन पानं! माझं नाव त्यात नाही. पोरीचंही नाही. त्या बैलगाडीत मी होते हो, इंजिन नव्हतं.
भाऊजींना बोलू नका. ते धड जेवतही नाहीत.
पोर आता घर डोक्यावर घेते. डबी भाऊजींनी रिकामी केली, म्हणून नवं काजळ धरलं. ते तिच्या पावलाला फासून या कागदावर दाबलंय. डाग सगळीकडे उठलाय का, तुम्हीच तपासा.
वाट पाहणारी,
कमळ