तिसऱ्या ठोक्याची मालकी

ज्याच्या पायाशी आम्हां उंदीरजातीची कायमची जागा आहे त्या श्रीगजाननाला नमस्कार करून, मी मालन कोम महिपत, जातीने घूस, धंदा पाळतीचा, राहणार भाट्ये खाडीच्या अलीकडचा जांभ्याचा गडगा, रत्नागिरी, पुढील मजकूर भिकाजी खारीकडून लिहवून घेते. भिकाजीचे अक्षर त्याच्या शेपटीसारखे झुपकेदार आहे, पण वाचता येते. माझा एक कान गेला आहे. पुढचे दात मी हल्ली झिजवीत नाही, म्हणून ते ओठाबाहेर आले आहेत आणि बोलणे बोबडे होते. डोके मात्र ठिकाणावर आहे. मला कोणी दम दिलेला नाही. लाडीगोडी लावायला एकजण आला होता, त्याचे नाव पुढे येईल.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरावे असे कधी वाटले नाही, जगावे असेही फारसे वाटले नाही, त्यामुळे राहून गेले.

१. घर. माझे बीळ गडग्याच्या दक्षिण टोकाला आहे. हा गडगा म्हणजे साळिंदरांच्या जुन्या पिढीने नुसते दगड रचून घातलेली कुंपणाची भिंत. तीन खोल्या, भाताची कणगी, अंगणात पाळतीची फणसाची फळी. उत्तर टोकाला धामण राहते. हद्दीवरून आमचा कधी वाद झाला नाही. हे घर माझ्यामागे माझा पुतण्या केरू आत्माराम याला जावे. खालची खोली मी उघडत नाही. त्याला हवी तर त्याने उघडावी. आत करवंटीची एक होडी आहे, बाकी काही नाही.

२. जित्राबे आणि किरकोळ. नांगर ओढणारी कुर्ली मिरजोळ्याच्या माझ्या धाकट्या बहिणीला, गोदूबाईला. कुर्ली ही खेकड्याची जात, आडवी चालते, म्हणून माझ्या शेतातले नांगराचे तास आडवे, आणि त्यावरून गावाने मला बरीच वर्षे हसून घेतले. भात मात्र सरळच उगवते. डाव्या नांगीपासून दूर राहावे. गोदू तोंडी सांगितलेले ऐकत नाही, म्हणून लेखी देते.

कंदिलातले काजवे मी जाईन त्या संध्याकाळी सोडून द्यावेत. दात झिजवायची सहाण माझे दीर आत्माराम यांना. त्यांचे दात बोलण्यात फार येतात.

माझा नवरा महिपत मुंबईच्या गोदीत होता, गणपतीला घरी यायचा. त्याची पत्र्याची पेटी बंदरावर जो कोणी खलाशी पहिल्याने बोटीवर निघेल त्याला द्यावी. पेटी रिकामी आहे. मी उघडून पाहिली होती.

३. कुणगा. गडग्याखालचा भाताचा कुणगा, म्हणजे शेताचा लहान तुकडा, हा वादाचा आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमच्याकडे पाळतीचे ठोके दोन. पाळतकरणीने मागच्या पायाने फळीवर एक ठोका दिला तर घुबड आले आहे, असाल तिथून बिळात शिरा. दोन ठोके दिले तर धामण आली आहे, बिळे सोडून उघड्यावर या. वाडवडिलांनी धामणीला दिवस दिला आणि घुबडाला रात्र दिली, तेव्हा दोघांची गाठ पडायची नाही असे सगळ्यांनी धरलेले होते. घुबडाला आणि धामणीला हे कोणी सांगितलेले नव्हते.

सन १९२३ च्या आश्विनात भातकापणी चालली होती. सगळे गाव शेतात. तिन्हीसांजेला मी फळीवर उभी असताना खाडीकडच्या उंडीच्या झाडावरून घुबड उठले. त्याच वेळी धामण माझ्या अंगणातून माझ्याच बिळात शिरताना दिसली. घरात कोणी नव्हते. माझा मुलगा विठू आणि केरू बांधावर खेळत होते. उघड्यावर पोराबाळांसकट सगळे गाव होते. मी एक ठोका दिला.

गाव वाचले. विठू पाच पावसाळ्यांचा होता. तो मला म्हणायचा, "आये, तुझा ठोका मना पायात कळतो." त्याला तो कळला. तो धावत आपल्या घरात शिरला. मी ओरडले, पण सगळेच पळत होते आणि सगळेच ओरडत होते. केरू त्याच्याच वयाचा, अत्यंत द्वाड. त्याने ठोका ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि नारळाच्या सोडणाखाली गप्प बसून राहिला. तो आज ताडमाड झाला आहे.

घुबड निदान केस आणि हाडे गोळी करून झाडाखाली टाकते. घरचे जाऊन शोधतात, काहीतरी मातीला द्यायला मिळते. धामण काही परत करीत नाही.

गावाने मला चावडीवर बोलावून मानाचा नारळ दिला. चूक माझी नव्हती हे मला सगळ्यांनी सांगितले. मलाही ते पटते. पटून काही होत नाही. महिपत आगबोटीने आला, गडग्याकडे तोंड करून बसला, मग पुन्हा आगबोटीने गेला. पुढे तो वारल्याची खबर आली तेव्हा मी भात सडत होते. ते सडून झाल्यावर मी आंघोळ केली.

त्यानंतर मी पाळत सोडली नाही. सोडून कुठे जाणार? रोज संध्याकाळी फळीवर उभी राहते आणि रानटी जनावरे पाहते. घार पाहते, मुंगूस पाहते, घोरपड पाहते. मला त्यांची भीती वाटत नाही, कौतुकही वाटत नाही. असेच पाहता पाहता वरच्या कातळावर टिटवी दिसली. तिची पिल्ले कातळावर मोकळी फिरतात. आईने एका विशिष्ट आवाजात हाक दिली की जे जिथे असेल तिथे थिजते. वरून घार जाते, बाजूने धामण जाते, आणि पिल्लाचा दगड झालेला असतो. ना वर जायचे, ना खाली. मी ते पुष्कळ पाहिले. मग एका दुपारी गडग्याच्या उत्तर टोकाला जाऊन धामणीच्या वाटेवर बसले. ती आली, मी हलले नाही, ती माझ्या शेपटीवरून गेली. तिचे अंग थंड लागले. मला हे काम अवघड गेले नाही. मी बरीच वर्षे तशीच आहे.

तेव्हा मी पंचांपुढे जाऊन सांगितले की तिसरा ठोका हवा. तीन ठोके म्हणजे दोन्ही आली आहेत, असाल तिथे थांबा, मिशीसुद्धा हलवू नका. पंचांत आत्माराम थोरले. ते म्हणाले, "वैनी, वाडवडलांनी दोनच ठोके दिल्यानी. तिसरा तुमी आणलात कुठून?"

मी म्हटले, "टिटवीकडून."

"जनावरांचा शिकायचा आमी? आमी रानटी हाव काय? आमची चावडी हाय, शाळा हाय."

सगळे हसले. दातही दिसले. तेव्हापासून दरवर्षी मी विचारते आणि दरवर्षी तेच हसणे होते. मला राग येत नाही. यायला हवा होता.

आत्मारामांना हा कुणगा हवा आहे, कारण त्यांच्या दोन कुणग्यांच्या मधोमध तो येतो. मागच्या महिन्यात ते फणसाचे गरे घेऊन आले. कार्तिकात फणस कुठला, तर सुकवलेले होते. तर माझी इच्छा अशी की कुणगा आत्मारामांनाच मिळावा. अट एकच. त्यांनी चावडीवर भर गावात, स्वतःच्या पायाने तीन ठोके द्यावेत, आणि तिसरा ठोका आजपासून गावाचा म्हणून मोठ्याने सांगावे. हे न केल्यास कुणगा रानाला सोडावा. तिथे टिटवी अंडी घालील.

४. धामण. विठूच्या नावाने गडग्याचे उत्तर टोक बुजवून धामणीला आत कोंडावे, असे गावात बोलले जाते. गडगा माझ्या वतनाचा आहे. बुजवू नये. ही दया नाही. धामण गेली तर जागा रिकामी राहत नाही, तिथे नाग येतो, आणि नागाचा ठोका आपल्याकडे नाही. शिवाय, तिला विठू कोण ते ठाऊक नव्हते. ती आषाढात कात टाकते, ऊन खाते, भूक लागली की खाते. तिच्याशी भांडण धरायला मी पुष्कळ दिवस प्रयत्न केला. विठूचे जे काही झाले ते त्या गडग्यात झाले, म्हणून तो जसा आहे तसा राहावा, एवढेच.

५. फळी आणि ठोका. पाळतीची फळी, पाळतीचे वतन आणि तिसरा ठोका केरूला. गाव म्हणेल, ज्याने ठोका ऐकला नाही त्याच्या हाती पाळत का? त्याचे उत्तर असे की तो न ऐकता, न हलता बसला आणि जगला. कोणी न शिकवता तिसरा ठोका गावात पहिल्याने त्यानेच पाळला.

केरू लहानपणापासून माझ्यासमोर मान वर करीत नाही. गेल्या वर्षापर्यंत मला वाटे, तो मला घाबरतो. मग एकदा अंगण सारवताना तो म्हणाला, "काकी, मी तवा आयकलं नाय."

मी म्हटले, "ठाऊक हाय."

"इटूनं आयकलंन."

यावर जे सांगायचे राहिले, ते इथे लिहविते. केरू, तू जगलास हा तुझा अपराध नाही. तुझ्याकडे पाहिले की तो आज केवढा असता ते मला कळते. म्हणून मी तुझ्याकडे पाहत असते. तुला वाटते तसे नाही.

६. माझे प्रेत. मला अंगणात, फळीपासून थोडे दूर पुरावे. रडण्यासाठी बायका बोलावू नयेत. केरूने तीन ठोके द्यावेत आणि जे आले असतील त्यांनी होते तिथे थांबावे. पंचांनीही. नाक खाजले तरी.

हे सगळे मला वाचून दाखवले, मी ऐकले, ते माझ्याच सांगण्याप्रमाणे आहे. यात फेरबदल करायला माझ्या पोटचे कोणी उरलेले नाही.

डाव्या पंजाचा ठसा: मालन कोम महिपत
मु. रत्नागिरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५८, सन १९३६

साक्षीदार:
काशीराम, जातीने साळिंदर, मालगुंड
दमयंती, जातीने उंदीर, रत्नागिरी बंदर
दस्तुरखुद्द लेखक: भिकाजी, जातीने खार

साक्षीदारांची आणि लेखकाची पुरवणी. केरूला साक्ष घालायची होती, पण ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, म्हणून तो बाहेर अंगण झाडीत होता. ठसा उमटवण्याआधी मालनबाई "बघू या" असे म्हणून फळीवर गेल्या, तीन ठोके दिले आणि आत येऊन बसल्या. आम्ही तिघे जागच्या जागी राहिलो. दारातून केरू दिसत होता. झाडू हातात, एक पाय उचललेला, तसाच. वर काही नव्हते, गडग्यातही काही नव्हते. बराच वेळ गेला. काशीरामचे काटे थरथरू लागले. केरूचा पाय खाली आला नाही.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की आता हला, असे सांगणारा ठोका बाईंनी ठरवलेलाच नाही. ते त्यांच्याही ध्यानात आले असावे. त्या उठून बाहेर गेल्या, केरूच्या पाठीवर पंजा ठेवला आणि म्हणाल्या, "हल आता, बाबा. झाला." त्या रडत होत्या. केरूने पाय खाली ठेवला. मग त्या आत आल्या आणि त्यांनी आमच्या समक्ष वरचा ठसा दिला.