आई ऑफ

नायगाव पूर्व,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय स्वप्ना,

अनेक आशीर्वाद. हितेशरावांना नमस्कार. आम्ही बरे आहोत. टॉवरची लिफ्ट पुन्हा बंद आहे, पाणी दिवसाआड, बाकी ठीक. तुझी वहिनी हसते, जूचंद्रला राहणाऱ्या बहिणीला कोणी पत्र लिहितं का? रिक्षाने दहा मिनिटं. पण समोर आलो की तू चहा टाकतेस आणि मी भलतंच बोलून उठतो.

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज चारदा ऐकला. "दादा, चूक माझीच. 'आई गेली' असं सरळ लिहायला हवं होतं. मी 'आई ऑफ' लिहिलं, तुला वाटलं तिची सुट्टी आहे, म्हणून तुझं शेवटचं बघायचं राहिलं." नऊ महिने तू हे मनाला लावून घेतलंयस. झोप लागत नाही म्हणतेस.

शब्दच लबाड आहे. शाळेत ऑफ पीरिअड म्हटला की आपण बाकं बडवायचो. आमच्या कंपनीत बॅप्टिस्ट साहेबांचा मूड ऑफ असला की फाइल घेऊन कुणी जात नाही. आई घराबाहेर पडताना गॅस ऑफ आहे ना, तीनदा बघायची. आणि नर्सिंग होममध्ये आयाचं काम, तिथला तिचा ऑफ गुरुवारी. तुझा मेसेज आला तोही गुरुवारच. म्हणून मी अंगठा पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात येऊन सांगितलं, मला वाटलं सुट्टी, मग दिवसभर बाहेर होतो, बॅटरी गेली. सगळ्यांना पटलं. मलाही दोन-तीन महिने पटल्यासारखं वाटत होतं.

(मध्ये उठलो होतो. दोरीवरचे कपडे काढले, ओलेच होते, परत घातले.)

स्वप्ना, आपल्याकडे माणूस वारला की ऑफ झालाच म्हणतात; श्रीपतकाका ऑफ झाले, शकूआत्या ऑफ झाली, हे ऐकतच आपण वाढलो. आईला सुट्टी आहे म्हणून तू मला कधी मेसेज केला होतास का? मला वाचताक्षणी कळलं होतं.

आधीचे सहा महिने ती फोनवर विचारायची, "बाला, तुला कवा ऑफ हाय? माना तुजा घर बगाचा हाय." मी म्हणायचो, ऑफ नाही गं. होता. दर रविवारी होता. तिच्या खोकल्याला, गुडघ्यांच्या तक्रारींना कंटाळायचो. त्या दिवशी तर रजा टाकून घरीच होतो. तुझी वहिनी माहेरी. काहीतरी दाबायचं म्हणून अंगठा दाबला आणि फोन बंद केला. रिक्षास्टँडपर्यंत गेलो. 'जूचंद्र' म्हणवेना. तिथे सगळे विचारणार होते, इतके दिवस कुठे होतास? परत येऊन पलंगावर पडलो. हितेशरावांनी दोनदा बेल वाजवली, तीही ऐकली. तिकडे अग्नी तू दिलास.

तू 'आई गेली' लिहिलं असतंस, तर मी 'कुठे गेली' विचारलं असतं. तुझ्या शब्दाची चूक नाही, ते मनातून काढून टाक. भित्रा मी होतो. मला लाज वाटते, आणि तिची फार आठवण येते.

वर्षश्राद्धाला मी बसावं, मुलगाच हवा, असं तू म्हणतेस. तू बस. हे वाचूनही बोलावलंस, तर मागे बसेन.

दरवेळी खाली 'तुझा दादा' लिहितो. आज ते तुला विचारल्याशिवाय लिहवत नाही, म्हणून नुसतं नाव.

विघ्नेश