खांड उघडी ठेवून

बाबा,

गावपळणीचा आज शेवटचा दिवस. वेशीबाहेरच्या माळावर झावळांच्या खोपीत बसून लिहितो आहे. तुमच्या वेळी व्हायचा तसाच देवाचा कौल झाला, आणि गुरं, कोंबड्या, खाटेवरची म्हातारी माणसं घेऊन सगळा गाव तीन दिवसांसाठी बाहेर पडला. मागे घरं आहेत, देव आहे आणि खाडीवरचा आपला बांध आहे, अर्धवट. आज पौर्णिमेचं उधाण. पाणी चढायला लागलं असेल. टेकडीवर गेलो तर इथून दिसेल, म्हणूनच मी टेकडीवर गेलेलो नाही.

पावसात बांधाला खांड पडली आणि खारं पाणी भातशेतांत शिरलं. ती बुजवायचं काम गावाने माझ्या गळ्यात घातलं. "बापाशीन देवळातली समाराधना सांभाळल्यान, झील बांध सांभाळतलो," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी नीट आखणी केली. माती कुठून काढायची, चिरे कोणाच्या गाडीतून आणायचे, कोणत्या वाडीने कधी यायचं, कोण आजारी पडला तर त्याच्या जागी कोण. भांगाच्या दिवसांत, भरतीला जोर नसतो तेव्हा, खांड बंद करायची आणि उधाणाआधी बांध पुऱ्या उंचीला न्यायचा. देवाला गाऱ्हाणं घालून यश मागितलं. गावाबाहेर पडायचे दिवस मात्र विचारले नाहीत. गावपळणीचं वर्ष आहे हे पोरांनाही ठाऊक होतं, पण ती जत्रेनंतर होईल असं मी मनाशी धरून चाललो. कौल झाला तो नेमका कामाच्या ऐन भरात, पौर्णिमेपर्यंत बाहेर राहायचा.

समाराधनेचा तो दिवस आठवतो. देवळामागे चुलवण खणलेलं आहे, अख्खा गाव जेवायला येणार आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी पहाटेच भाताच्या हंड्याखाली जाळ केला आहे. तुम्ही येता, जाळ बघता, लाकडं बाहेर ओढता. मग विचारता, "शेवटचो माणूस पानार कधी बसतलो?" मी ओढलेली लाकडं गोळा करू लागतो. "ता ठावक नाय आणि चूल पेटवलंस? आधी पान मांड मनात. थयसून मागे ये. वाढपी कोण, भात कधी उतरूचो, पाणी कोण आणतलो. चूल सगळ्यात मागसून." त्या दिवशी वाटेत बैल बसला आणि पाण्याची पिंपं उशिरा आली. लोक ताटकळले, टोमणे मारू लागले. तुम्ही भात अर्धकच्चा उतरवू दिला नाहीत. "उशीर झालो तर बडबडतले," तुम्ही म्हणालात, "कच्च्यान पोटां दुखतली."

कौल झाल्यावर बांधावर सगळे जमले. सरकारी ओव्हरसियर म्हणाले, "दहा माणसं मागे ठेवा. तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे." गावातली एक म्हातारी कोळीण माशांची पाटी खाली ठेवत म्हणाली, "साहेबानू, तुमीच रवा. देवाक तुमचा नाव आमी सांगतलंव." ओव्हरसियरांनी टोपी सारखी केली. तरण्या पोरांचं म्हणणं वेगळं होतं. निघण्याआधी दिवसरात्र खपून खांड बुजवूया, उंची मागाहून वाढवू. मी मनात पान मांडलं. बुटका ओला बांध, राखायला कोणी नाही आणि पौर्णिमेचं पाणी त्याच्यावरून उडी मारतं आहे. तसं झालं तर खांडच काय, दोन्हीकडचा जुना बांधही वाहून जाईल आणि पुढच्या पावसात गावाला भात नाही.

मी म्हटलं, खांड उघडी ठेवायची. अरुंद राहिली तर पाणी जोराने घुसून टोकं कापील, म्हणून थोडी रुंद करायची आणि टोकांना चिरे लावायचे.

"घातलली माती आता काढूची?" एकाने विचारलं. "आमचो हसो करतस काय?"

"पाणी शेतात येतला," मी म्हटलं. "पण बांध रवतलो. पुढच्या भांगाक परत येवया."

"पुढच्या भांगाक तू एकटोच येतलस," तो म्हणाला आणि फावडं उचलून माती काढू लागला. निघायच्या सकाळपर्यंत शेवटचा चिरा बसला. जो तो फावडं खांद्यावर टाकून मला मागे ठेवून निघून गेला.

इतकं लिहीपर्यंत टेकडीवरून पोरं खाली आली. पाणी भरून आता ओसरतं आहे. एक टोक जसंच्या तसं, दुसऱ्याचा कोपरा ढासळला, बांध उभा आहे. 'एकटोच येतलस' म्हणालेला तोच माणूस खोपीच्या दाराशी येऊन म्हणाला, "कोपऱ्याक चिरे लागतले. माझी गाडी आसा." आणि निघून गेला. मी देवळाच्या दिशेने हात जोडले.

समाराधनेला तुम्ही कधीच पंगतीत बसला नाहीत. आई पान वाढायची आणि तुम्ही म्हणायचात, "आज माझो उपास." किती देवभक्त माणूस, असं लोक म्हणत. मीही तेच मानत आलो, आणि तुमच्यामागे तुमचे उपवास धरत आलो.

आत्ता बायकोने पेजेचं ताट पुढे ठेवलं. "निवता हा. जेवा बघू," म्हणाली. बांध अजून अर्धवट, घास काही उतरेना. मी म्हटलं, आज माझा उपवास आहे.

बाबा, आज कसलाच उपवास नाही.